भरतीवाली : सिझरनंतरच्या ८०० मीटरची एक केस

माझ्या वहीत कुणाचंच नाव नसतं, खूण असते. परभणी तशी लहान, वही कुठं विसरली आणि कुणाच्या हाती लागली तर नको ते गावभर व्हायचं, म्हणून मी "शिक्षिका", "जुळीवाली", "मेडिकलवाली" असं लिहिते. ही केस "भरतीवाली"ची. तिला विचारूनच लिहितेय, ती म्हणाली लिहा ताई, फक्त गल्ली कळू देऊ नका. म्हणून दोन-चार बारीक गोष्टी बदलल्यात, बाकी जसं झालं तसं.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, फिजिओ पण नाही. गरोदर आणि बाळंतीण बायकांना व्यायाम शिकवते, त्याचं रीतसर शिकलेय. आपल्याकडं फिटनेस कोच व्हायला कुठला सरकारी परवाना लागत नाही आणि मला तर त्याचीच धास्ती वाटते, म्हणून वहीच्या पहिल्याच पानावर लाल पेनानं लिहून ठेवलंय की एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अंगावरून जाणं थांबून पुन्हा वाढलं, ताप आला, टाक्यातून पाणी आलं, डोकं फुटायची वेळ येऊन डोळ्यापुढं अंधारी आली, तर व्यायाम बंद, आधी दवाखाना. हे पान कधी फाडायचं नाही.

तर जूनचा दुसरा आठवडा. फोन आला, "ताई तुम्ही बाळंतपणानंतरचं शिकवता का, मला ग्राउंड मारायचंय." वजन कमी करायचंय असं म्हणणाऱ्या दहा येतात, ग्राउंड मारायचंय म्हणणारी ही पहिलीच. वय २६, पहिलं बाळंतपण, फेब्रुवारीत सिझर झालेलं, मुलगी, म्हणजे सोळावा आठवडा चालू. लग्नाआधी दोनदा पोलीस भरती दिलेली, दुसऱ्या वेळी अगदी थोडक्यात हुकली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुलींच्या मैदानीत ८०० मीटर धावणं २० मार्कांचं, १०० मीटर १५ आणि ४ किलोचा गोळा १५, एकूण ५०. ८०० गेलं की बाकीच्यात कितीही जीव काढा, भरून निघत नाही. आणि ही ओपनची, म्हणजे २८ ची मर्यादा डोक्यावर. हिला घाई का होती ते समजून घ्या, कारण पुढं ह्या घाईत मी पण वाहत गेले.

घर वसमत रोडकडं. स्कूटी लावून आत गेले तर सासूबाई बाजेवर लेकरू घेऊन बसलेल्या, कोपऱ्यात शेगडी, वावडिंग-ओव्याच्या धुरीचा वास अजून भिंतीला. सव्वा महिना कधीच संपलेला, पण धुरी चालूच. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्या टायमाला तीन लेकरं झाली घरीच, पंधराव्या दिवशी खुरपायला गेले मी. शिजर झालेल्या पोरीला उड्या मारायला शिकवायला आलात का तुम्ही?" मी हसून घालवलं. मनात म्हटलं, ही बाई मला चार दिवस टिकू देत नाही.

पहिल्या दिवशी मी ठरलेले प्रश्न विचारते. टाके कसेत, झोप किती, पोट साफ होतं का, खाली जड वाटतं का, खोकताना-शिंकताना लघवी सुटते का. सगळ्याला "नाही ताई, चांगलंय" हेच उत्तर. मी पण लिहून घेतलं. शहाणी म्हणावं का मला? सासू दोन हातांवर बसलेली असताना कोणती सून लघवीचं सांगेल! निघाले, स्कूटीला किल्ली लावली तर ही फाटकापाशी पळत आली, लेकराचं लंगोट वाळत घालायचं निमित्त करून, आणि दुसरीकडंच बघत हळूच म्हणाली, "ताई, मी दहाव्या आठवड्यापासूनच स्टेडियमवर जायले गुपचूप. पळताना सगळं ओलं होतंय. पॅड लावून पळते. काळीच लेगिन घालते म्हणजे दिसत नाही."

तेव्हापासून मी एक नियम केलाय, खरी तपासणी फाटकापाशी होते. आत काय सांगितलं ते एका बाजूला लिहायचं आणि फाटकापाशी काय सांगितलं ते दुसऱ्या.

दुसऱ्या वेळी सासूबाई मंगळवारच्या बाजाराला गेल्या होत्या, तेव्हा नीट बघायला मिळालं. उताणी झोपवलं, गुडघे वाकवले, डोकं थोडं उचलायला लावलं आणि बेंबीपाशी बोटं ठेवली. पोटाच्या मधोमध वरून खाली एक पांढरी पट्टी असते, दोन्ही बाजूचे स्नायू तिला जोडलेले, गरोदरपणात ती ताणून रुंद होते. हिला बेंबीवर तीन बोटं आत जात होती, खाली दोन. दोन बोटांच्या पुढं गेलं की आम्ही लक्ष ठेवतो. पण नुसती बोटं मोजून काही कळत नाही, पट्टीत ताण आहे का, का बोट लोण्यात गेल्यासारखं जातंय, ते जास्त महत्त्वाचं. हिचं लोण्यासारखं. आणि डोकं उचललं की पोटावर मधोमध लांबट उंचवटा उभा राहायचा. मी तिला सांगितलं, तव्यावर भाकरी मधूनच फुगते ना, तसं पोट फुगलं की तो व्यायाम तुझ्यासाठी नाही, तिथंच थांबायचं. ही खूण तिला इतकी पटली की पुढं फोनवर सांगायची, "ताई आज भाकरी फुगली."

टाक्याच्या वरची कातडी बधिर होती, तिथं ती स्वतः हातच लावत नव्हती, बघायची पण नाही. सिझर म्हणजे बाहेरून दिसतात तेवढेच टाके नसतात, आत थरावर थर कापून शिवलेले असतात आणि लोक सहज म्हणतात, काय सोपं बाळंतपण झालं. सहाव्या आठवड्याला तिला दवाखान्यात "सगळं नॉर्मल, घरातली कामं करा" म्हणून सांगितलेलं. घरातली कामं म्हणजे काय, तर नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही आणि आलं की ड्रम, हंडे, घागरी, बादल्या भरून ठेवायच्या. १५ लिटरची घागर म्हणजे १५ किलो. भरतीचा गोळा ४ किलोचा, आणि ही घरातली घागर रोज उचलतेय, श्वास रोखून, कमरेतून वाकून. तिची पहिली जिम तिथं होती, स्टेडियमवर नाही.

आणखी एक सापडलं. पळायला जायचं म्हणून ती सकाळी पाणीच पीत नव्हती, म्हणजे ओलं कमी होईल. दिवसभर पण कमीच, कारण सासूबाईंचं म्हणणं बाळंतिणीनं पाणी जास्त प्यालं की लेकराला सर्दी होते, पालेभाजीनं लेकराचं पोट फुगतं. परिणाम काय, शौचाला तीन-तीन दिवस नाही, मग जोर लावायचा. रोज जोर लावून खालच्या स्नायूंवर, म्हणजे लघवीची पिशवी आणि गर्भपिशवी खालून तोलून धरणाऱ्या स्नायूंवर, जेवढा भार येतो तेवढा पळण्यानं पण येत नसेल. लोहाच्या गोळ्या पण बंद केलेल्या, शौचाला काळं होतं आणि खडा होतो म्हणून. बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात त्या, आणि हिचं हिमोग्लोबिन गरोदरपणातच ९ च्या घरात होतं, ११ च्या खाली गेलं की कमी समजतात. मी गोळ्या देत नाही, डॉक्टरला दाखव म्हटलं. तिथून गोळी बदलून मिळाली, चहाबरोबर न घेता लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायला सांगितलं.

मला नेहमी एक गोष्ट खटकते. आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ठरलेल्या दिवशी घरी येतात, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, आणि त्या बिचाऱ्या मनापासून करतात, पण त्यात जास्त करून लेकराचं वजन, ताप, दूध. बेचाळिसाव्या दिवसानंतर बाईला कुणी विचारत नाही. मग ती गुपचूप काळी लेगिन घालून पळते.

बरं, पहिले चार आठवडे मी तिला पळूच दिलं नाही. भांडली. "ताई मी पैसे पळायला देते, झोपायला नाही." मी म्हटलं, झोपूनच पळायचंय सध्या. लेकराला कुशीवर घेऊन पाजताना श्वास: नाकानं घेताना बरगड्या बाजूला उघडू द्यायच्या, सोडताना खालून वर हलकं ओढायचं. टाच सरकवणं, पूल, म्हणजे उताणं झोपून कंबर उचलणं. घागर खाली ठेवायचीच नाही, ओट्यावर ठेवून भरायची, एक भरलेली बादली नको, दोन अर्ध्या, उचलताना श्वास सोडायचा. तीस मिनिटांचं सेशन वगैरे मी कागदावर सुंदर आखून दिलं होतं, रंगीत स्केचपेननं, ते तिनं फ्रिजवर लावलं आणि एकदा पण केलं नाही कारण तीस मिनिटं सलग कुठल्या बाळंतिणीला मिळतात! मग सगळं तुकड्यात पाडलं. पाजताना श्वास, पाणी भरताना उचलणं, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत टाचा वर-खाली.

टाचा वर-खाली वरून एक मजा झाली. पायरीच्या कडेवर उभं राहून करायचं असतं, घरात पायरी नव्हती म्हणून ती उंबऱ्यावर उभी राहिली. सासूबाई अशा कडाडल्या की लेकरू दचकून रडायला लागलं, "उंबऱ्यावर उभं राहतेत का बाळंतीण बाईनं, अक्कल हाय का नाही!" दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्यांचीच बाजू घेतली, बरोबर आहे तुमचं, उंबरा नको, आणि अंगणात दोन विटा सिमेंटच्या गोणीवर पक्क्या बसवून पायरी केली. त्यांना वाटलं, ही बाई ऐकते आपलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा चहा मिळाला.

तसंच पोटाच्या पट्ट्याचं. सासूबाई जुन्या लुगड्यानं तिचं पोट करकचून आवळायच्या, वरून खाली. काही कोच असल्या गोष्टींना सरळ अंधश्रद्धा म्हणून मोकळ्या होतात, मला ते पटत नाही, पोटाला हलका आधार पहिल्या दिवसांत बऱ्याच बायकांना बरा वाटतो. पण आवळलं की दाब खाली जातो, जिथं आधीच ढिलं आहे तिथंच. म्हणून मी त्यांच्याकडूनच बांधून घेतलं, फक्त म्हटलं मावशी, खालून वर गुंडाळा, आणि आत दोन बोटं फिरली पाहिजेत. पुढं महिनाभरात पट्टा आपोआप सुटला.

माझी चूक

आमच्या व्यायामाचा आठवा आठवडा, म्हणजे बाळंतपणाला सहा महिने होत आलेले. चांगलं चाललं होतं. बेंबीवर तीनाची दोन बोटं झालेली, पट्टीत ताण यायला लागलेला, शिंकताना ओलं होणं बंद. ती रोज पहाटे कृषी विद्यापीठात अर्धा तास भराभर चालायची. मग कुठून तरी बातमी उठली की जाहिरात येतेय. भरतीच्या पोरापोरींच्या ग्रुपवर अशी बातमी दर पंधरा दिवसाला उठते, पण त्या दिवशी ती रडवेली झाली, "ताई, सगळ्या पळायल्यात, मी विटांवर उभी राहायले." आणि मी पाघळले. दोरीवरच्या उड्या दिल्या. वीस-वीसच्या तीन फेऱ्या.

खरं म्हणजे मला माहीत होतं. ब्रिटनमधल्या तीन फिजिओथेरपिस्टनी २०१९ मध्ये बाळंतपणानंतर पळायला कधी लागावं याचं मार्गदर्शन लिहिलंय, त्यात पहिले तीन महिने पळणंच नको, आणि त्यानंतर पण आधी काही गोष्टी बिनत्रास जमल्या पाहिजेत: अर्धा तास चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, एका पायावर दहा बैठका, जागच्या जागी मिनिटभर जॉगिंग, एका पायावर दहा उड्या. मी तिची एका पायावरची बैठक अजून घेतलीच नव्हती आणि डायरेक्ट दोरी हातात दिली. कॅलेंडरवर सहा महिने झाले म्हणजे शरीराचे झाले असं नसतं, हे मीच इतरांना सांगते.

दोन दिवसांनी रात्री साडेदहाला मेसेज. "ताई खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटायलंय, आणि परत चालू झालं." मला झोप लागली नाही. अंग बाहेर येणं, म्हणजे मायांग खाली उतरणं, याची भीती काय असते ते मराठवाड्यातल्या बाईला सांगावं लागत नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं होतं, सरकारनं समिती नेमली होती, तेव्हापासून आमच्याकडच्या बायकांच्या डोक्यात एकच, खालचा त्रास सांगितला की पिशवी काढतेत. म्हणून सांगतच नाहीत.

सकाळी मीच तिला गायनॅककडं घेऊन गेले. सुदैवानं अंग उतरलेलं नव्हतं, स्नायू थकलेले होते. तिथूनच ऑनलाइन फिजिओचा सल्ला घ्यायला सांगितलं, बायकांच्या ह्या स्नायूंचंच काम करणारी, मोठ्या शहरातली. तिनं व्हिडिओवर दहा मिनिटांत जे पकडलं ते मला आठ आठवड्यांत दिसलं नव्हतं. म्हणाली, ही मुलगी कधी सोडतच नाही. दिवसभर पोट आत, खाली घट्ट. भरतीच्या ग्राउंडवर शिकलेली ना, पोट आत, छाती पुढं. त्यात ओलं होऊ नये म्हणून सतत आवळून धरायची. घट्ट धरून थकलेला स्नायू ऐनवेळी कामाला येत नाही. आणि मी काय केलं होतं, तिला आणखी आवळायला शिकवलं होतं. केगेल केगेल म्हणून सगळीकडं चाललेलं असतं, अर्नोल्ड केगेल ह्या अमेरिकन डॉक्टरनं १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, व्यायाम चांगलाच आहे, पण प्रत्येकीला आवळायचंच कमी पडतं असं नाही.

घरी येऊन मला काही सुचेना की हे तिला कसं समजावू. मग तिच्याच अंगणातली जुनी विहीर दिसली, आता आटलेली, वर जाळी टाकलेली. म्हटलं, पोहरा वर ओढतो ना आपण, तसं खालून वर ओढायचं, लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखल्यासारखं. बरोबर? पण वर आलेला पोहरा वरच लटकवून ठेवलास तर दुसऱ्यांदा पाणी काय काढणार तू? सोडायचा, हळूहळू, दोर हातातून जाऊ द्यायचा, तळाला टेकू द्यायचा. टेकला की मग परत. तिनं डोळे मिटले. एक मिनिट, दोन मिनिटं. मग तिचे खांदे खाली आले, जबडा सुटला, आणि ती रडायला लागली. दुखून नाही. म्हणाली, ताई मला कळलंच नव्हतं मी धरून बसले होते.

मी पण काही बोलले नाही, लेकराला मांडीवर घेऊन बसले. ते माझी ओढणी चघळत होतं.

रडणं बघून मी तिला झोपेचं, मन कशातच न लागण्याचं पण विचारलं, दोन आठवडे सलग तसं वाटत असेल तर ते डॉक्टरांनाच सांगायचं असतं, व्यायामानं झाकायचं नसतं. हिचं तसं नव्हतं. दुसऱ्या एकीचं होतं, ती केस वेगळी.

पैशाचं बोलू

या कामात काय मिळतं असं मला विचारतात, विशेषतः नव्यानं कोर्स केलेल्या पोरी विचारतात. पुण्या-मुंबईचे आकडे इथं विसरा. इथं मालिश करणाऱ्या बाईला लोक आनंदानं पैसे, साडी, शिधा देतात, आणि द्यावाच, पण व्यायाम शिकवणारीला म्हणतात यूट्यूबवर फुकट आहे की. भरतीवालीकडून महिन्याला १५०० ठरले होते, दोन महिने आले, नवरा खताच्या दुकानात कामाला, पुढं हंगाम तुटला तसा तोही हप्ता तुटला. नंतर दोन पायली तूर आली. भारी होती तूर, लवकर शिजायची.

पण खरी अडचण दुसरीच आहे. जिमवाला फोटो टाकतो, आधी असा होता, आता असा झाला, गिऱ्हाईक वाढतं. माझ्या कामाचा फोटो निघतच नाही. कोणती बाई लिहून देणार आहे की माझी लघवी सुटायची थांबली, माझा सासरा घरात असताना मी आता न घाबरता खोकते, नवऱ्याजवळ जायला भीती वाटत नाही? माझी सगळी कमाई फाटकापाशी, हळू आवाजात, दुसरीकडं बघत सांगितलेली असते. एकीनं तर फक्त "ताई, काल शिंकले" एवढाच मेसेज टाकला होता, पुढं काही नाही. मी तो मेसेज ठेवलाय. पण तो घेऊन दुकानदाराकडं जाता येत नाही म्हणा, आणि मी दोन ठिकाणी योगाचे क्लास घेते म्हणून माझं घर चालतं, हे पण नव्या पोरींना स्पष्ट सांगते.

तर पुढं. दोरी बंद, परत खालून सुरुवात. यावेळी आधी सोडायला शिकणं, मग ओढणं, मग भार. पाणी दिवसभर घोट-घोट. भाकरी वाढवली, कारण पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात आणि ही वजन कमी व्हावं म्हणून अर्ध्या भाकरीवर आली होती, वर ग्राउंड. शेंगदाण्याची चटणी, वरण, दही, अंडं चालत होतं तर अंडं. डिंकाचे लाडू सासूबाईंनी केलेलेच होते. जागतिक आरोग्य संघटना गरोदर आणि बाळंत बायकांना, दुसरी काही अडचण नसेल तर, आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आमचे चालण्याचेच तेवढे होत होते. पावसाळा असल्यानं काळ्या मातीवर पळायचं नाही असं ठरवलं, पाय घसरून गुडघा गेला म्हणजे वेगळंच दुखणं. विद्यापीठातला डांबरी रस्ता बरा.

सप्टेंबरच्या शेवटी सगळ्या चाचण्या बिनत्रास झाल्या. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. पळायच्या आधी लेकराला पाजून घ्यायचं, छातीला घट्ट आधार. रोज नाही, एक दिवसाआड. तिनं यावेळी घाई केली नाही, घाई झाली की मीच करायची आणि ती म्हणायची, "ताई, पोहरा टेकू द्या."

सासूबाई

ऑक्टोबरमध्ये एका मंगळवारी गेले तर भरतीवाली माहेरी. घरात सासूबाई एकट्या, बाजाराला गेल्या नव्हत्या. बस म्हणाल्या. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं, सोयाबीनचा भाव झाला. मी उठले, फाटकापर्यंत त्या आल्या. आणि फाटकाच्या कडीला हात लावून, रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "बाई, तिला ते जे शिकवलं, पोहऱ्याचं, ते म्हातारपणी पण चालतंय का?"

मला कळलं. मी विचारलं, कधीपासून मावशी?

"धाकट्याच्या वेळेपासून. एकवीस वर्षं झाली. दिवसभर उभं राहिलं की बाहेर येतंय, रात्री आपलं हातानं आत सारून झोपायचं. मालकाला बी माहीत नाही. दवाखान्यात गेलं की पिशवी काढतेत."

एकवीस वर्षं. त्याच अंगावर खुरपणी, कापूस वेचणी, घागरी, आणि वर सुनेला ऐकवायचं की आमच्या टायमाला पंधराव्या दिवशी शेतात गेलो. मी त्यांच्यावर पहिल्या दिवसापासून मनातल्या मनात चिडलेली होते. त्या उड्यांना का भीत होत्या, ते मला चार महिन्यांनी कळलं.

मी त्यांना व्यायाम शिकवला नाही त्या दिवशी. आधी तपासणी, कारण हे माझ्या हातातलं नव्हतं. त्यांना पटवायला आणखी तीन मंगळवार लागले. शेवटी सूनच घेऊन गेली, आत पण तीच बरोबर राहिली. डॉक्टरबाईंनी ऑपरेशन लगेच सांगितलं नाही, सिलिकॉनची रिंग बसवून दिली, पेसरी म्हणतात तिला, आतून आधार देते, ठरावीक दिवसांनी काढून साफ करायची, तपासून घ्यायची. बरोबर हलके व्यायाम चालतील म्हणाल्या. पिशवी जागेवर आहे. त्या घरी येऊन मला एवढंच म्हणाल्या, "आज लई दिवसांनी सरळ चालत आले." आणि मग लगेच, "फी किती तुमची?" मी म्हटलं तूर संपलीय. दोन पायली परत आली.

आता दर मंगळवारी दोघी शेजारी शेजारी सतरंजीवर. सासूबाई साडीचा काष्टा मारून. दोघींत कोण जास्त वेळ पूल धरतं यावरून भांडणं. सासूबाई जिंकतात, शेतात काम केलेले पाय आहेत ते.

जाहिरात त्या पावसाळ्यात आलीच नाही, ती अफवाच होती. १०० मीटरचा जोर अजून दिलेला नाही, तो सगळ्यात शेवटी. गोळा सुरू केलाय, फेकताना श्वास सोडत. बेंबीवर आता दीड बोट, ते पूर्ण भरेल का नाही माहीत नाही, भरलं नाही तरी ताण आलाय तेवढा पुरे.

डिसेंबरात, थंडी चांगली पडलेली, आम्ही स्टेडियमवर गेलो. पहिल्यांदाच सलग ८००, दोन फेऱ्या. तिनं फिकट राखाडी ट्रॅक पँट घातली होती. मला ते ती रेषेवर उभी राहिल्यावर दिसलं आणि मी काही बोलले नाही. लेकरू माझ्या कडेवर, टोपरं घातलेलं, दुसऱ्या हातात मोबाइल, स्टॉपवॉच लावलेलं. पहिली फेरी छान गेली. दुसऱ्या फेरीच्या वळणावर लेकरानं मोबाइलवर झडप घातली, माझा तोल सावरेपर्यंत तो खाली, स्क्रीन बंद, आणि मी वाकून उचलेपर्यंत ही रेषा ओलांडून पुढं गेलेली, कमरेवर हात, वाफा निघतायत तोंडातून.

"किती लागला ताई?"

मी म्हटलं, तुझ्या पोरीला विचार.

ती हसली, मग तिनं खाली स्वतःच्या पँटकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि लेकराला घ्यायला हात पुढं केले. "राहू द्या. उद्या परत लावू."